नावानिशी मत

सप्टेंबर संपत आला की नगर जिल्ह्यात साखर कारखान्यांच्या आणि सोसायट्यांच्या वार्षिक सभांचा हंगाम सुरू होतो. व्यासपीठावरून विषय वाचला जातो आणि मांडवातून आरोळी उठते, "मंजूर, मंजूर!" दुसऱ्या कोपऱ्यातून उत्तर येतं, "नामंजूर!" ज्यांचा आवाज चढा, त्यांचं ठरतं. इतिवृत्तात ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक अशी दोन नावं येतात. बाकीच्या शेकडो गळ्यांतून काय निघालं, याचा माग दुसऱ्या दिवशी कुणालाच काढता येत नाही.

आमदार-खासदारांच्या बाबतीतही बहुतेक वेळा हेच होतं. अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावं. मग 'होय'चं बहुमत जाहीर होतं आणि कायदा पुढे सरकतो. आपण निवडून दिलेल्या माणसानं तोंड उघडलं की नाही, हेसुद्धा त्यातून कळत नाही. म्हणून लोकप्रतिनिधीच्या मताला त्याचं नाव जोडण्याची रीत कुठून आली आणि आपल्याकडे ती अर्ध्यावर का अडली, हे शोधावंसं वाटतं.

तिचं कूळ लंडनचं. तिथल्या पार्लमेंटात कोण काय बोललं हे छापणं एके काळी गुन्हा होता. १७७१ मध्ये काही मुद्रकांनी ते छापलं. त्यांना अटक करायला निघालेल्या पार्लमेंटला लंडन शहराच्या महापौरानं विरोध केला, म्हणून खुद्द महापौराला टॉवरच्या तुरुंगात जावं लागलं. पण छापणं काही थांबलं नाही. १८०३ पासून विल्यम कॉबेट चर्चांचे वृत्तान्त काढू लागला आणि १८१२ मध्ये ते काम टी. सी. हॅन्सार्ड या मुद्रकाकडे गेलं. त्याचंच नाव पुढे त्या ग्रंथांना चिकटलं. भाषणं अशी बाहेर आली तरी मतं झाकलेलीच होती. कुणी कोणत्या बाजूला मत दिलं याच्या याद्या कॉमन्स सभागृहानं अधिकृतपणे छापायला सुरुवात केली ती १८३६ मध्ये. तेव्हापासून तिथल्या मतदाराला आपल्या प्रतिनिधीचं मत छापील कागदावर दाखवता येऊ लागलं.

आपल्याकडे १८६१ च्या कायद्यानं मुंबई इलाख्याला कायदेमंडळ मिळालं. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये २२ जानेवारी १८६२ रोजी त्याची पहिली बैठक झाली. सगळे सभासद सरकारनं नेमलेले, त्यामुळे जाब विचारायचा तरी कुणाला? १८९२ च्या कायद्यानं सभासदांना प्रश्न विचारायची मुभा दिली, पण उपप्रश्नाची दिली नाही. अंदाजपत्रकावर बोलता येई, मत देता येत नसे. याच काळात टिळक आणि त्यांच्यामागून गोखले मुंबई कायदेमंडळात गेले.

मताचा उपयोग होत नसेल तर विरोध नोंदवायचा कसा? १९०१ मध्ये जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आलं. सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला परत द्यायची, पण ती विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क काढून घ्यायचा, असा त्याचा गाभा होता. १८९९-१९०० च्या दुष्काळानं मोडलेल्या नगर-सोलापूरकडच्या कुणब्याच्या जिव्हारी लागणारी गोष्ट होती ती. सरकारी बहुमतापुढे युक्तिवादाचा उपयोग नाही हे दिसल्यावर फिरोजशहा मेहता उठून बाहेर गेले आणि त्यांच्यामागून गोखले आणि काही सहकारीही गेले. त्या सभात्यागाला आज आपण सरावलो आहोत. तेव्हा मात्र विरोध नावानिशी दाखवण्याचा तो एक मार्ग होता.

या कुळकथेतला माझ्या मते सर्वांत मोठा दिवस १९ मार्च १९१२ हा आहे. गोखल्यांनी आदल्या वर्षी, १६ मार्चला, केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं होतं. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना टप्प्याटप्प्यानं सक्तीचं शिक्षण द्यावं, अशी साधी मागणी होती. ते फेटाळलं जाणार हे गोखल्यांना पुरतं ठाऊक होतं. तरी त्यांनी ते चर्चेला आणलं, दोन दिवस चर्चा झाली आणि मतं घेतली गेली. बाजूनं १३, विरुद्ध ३८. हरणार हे ठाऊक असताना मतमोजणीपर्यंत जायचं कशासाठी? कारण आवाजात बुडालेला पराभव विसरला जातो आणि मोजलेला पराभव टिकतो. खेड्यातल्या पोरांच्या शाळेला कोण उभे राहिले आणि कोण आडवे आले, याची यादी सरकारच्याच छापखान्यातून निघाली. आज शंभर वर्षांनंतरही तो आकडा आपल्याला सांगता येतो.

नोंदीची ताकद काय असते हे पाहायचं असेल तर महाराष्ट्र शासनानं १९८२ मध्ये काढलेला डॉ. आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचा दुसरा खंड उघडावा. त्यातला पुष्कळ भाग मुंबई कायदेमंडळाच्या इतिवृत्तांमधून घेतला आहे. १९ मार्च १९२८ रोजी महार वतनाबाबतचं विधेयक, त्याच वर्षी २८ जुलैला प्रसूतिरजेच्या विधेयकावरचं भाषण, १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती रद्द करण्याचं विधेयक: तारखेसकट सगळं सापडतं. एका लोकप्रतिनिधीचं सभागृहातलं काम पानोपानी तपासता येतं, ते तेव्हाच्या लघुलेखकांनी शब्द न् शब्द उतरवून घेतला म्हणून.

नगर जिल्ह्याचा या नोंदवहीशी संबंध थेट खुर्चीचा आहे. कुंदनमल फिरोदिया १९४६ ते १९५२ मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. कूळकायदा, मंदिरप्रवेश, दारूबंदी यांसारखे कायदे त्यांच्याच काळात झाले. शेवगावचे बाळासाहेब भारदे १९६२ ते १९७२ महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष होते. १९५७ मध्ये नगरमधून लोकसभेवर गेलेले र. के. खाडिलकर पुढे, खेडचे खासदार असताना, लोकसभेचे उपाध्यक्ष झाले. आवाज ऐकून निकाल सांगायचा की माणसं मोजायची, हे ठरवणाऱ्या जागेवर या जिल्ह्याशी नातं असलेली माणसं वारंवार बसली आहेत.

खाडिलकर निवडून आले त्याच १९५७ साली लोकसभेत मतं नोंदवणारं यंत्र बसलं. सदस्यानं आपल्या जागेवरून बटण दाबायचं; बाजूनं, विरुद्ध किंवा तटस्थ. आकडे फलकावर येतात आणि नावांची यादी चर्चेच्या अधिकृत वृत्तान्तात छापली जाते. साधन हाताशी आलं, पण ते वापरायचं कधी? घटनादुरुस्तीला विशेष बहुमत लागतं, तिथे मोजण्यावाचून गत्यंतर नसतं. एरवी आवाजी मतदानावर भागतं. एखाद्या सदस्यानं त्या निकालाला हरकत घेऊन मतविभाजन मागितलं तरच बटणांची वेळ येते. विधानसभेच्या बोलीत याला 'पोल मागणं' म्हणतात.

त्यात १९८५ ची बावन्नावी घटनादुरुस्ती आली. पक्षादेश मोडून मत दिलं तर सदस्यत्व जाण्याची तरतूद झाली. आयाराम-गयारामांना वेसण हवी होतीच. पण खासदाराचं मत त्याच्या पक्षाच्या मतापेक्षा वेगळं असण्याची शक्यताच त्या तरतुदीनं जवळजवळ संपवली, आणि मग मतांची नोंद पाहायची कशाला, असं म्हणायला लोक मोकळे झाले. मला हे पटत नाही. पक्षादेश असला तरी माणूस हजर राहिला की ऐन वेळी बाहेर पडला, हे यादीवरूनच कळतं.

याचा पुरावा पारनेर तालुक्यातल्या माणसामुळेच मिळाला. ऑगस्ट २०११ मध्ये राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे लोकपाल कायद्यासाठी दिल्लीत रामलीला मैदानावर उपोषणाला बसले होते. २७ ऑगस्टला संसदेनं त्यांच्या तीन मुद्द्यांना तत्त्वतः संमती दिली. मतदान झालं नाही, सदस्यांनी बाकं वाजवली. बाक कोणी वाजवलं नाही, हे शोधायला कोणताही कागद नाही. त्याच वर्षी २७ डिसेंबरच्या रात्री लोकपाल विधेयक लोकसभेत आवाजी मतदानानं मंजूर झालं. मात्र लोकपालाला घटनात्मक दर्जा देणाऱ्या दुरुस्तीला विशेष बहुमत लागत होतं, म्हणून तिथे मतं मोजावी लागली आणि ती दुरुस्ती पडली. सत्ताधारी आघाडीचे स्वतःचेच काही खासदार गैरहजर होते, हे त्या मोजणीमुळे उघड झालं. एकाच रात्री, एकाच विषयावर, एक मत निनावी गेलं आणि दुसऱ्यानं अनुपस्थितांनाही उघडं पाडलं.

मतं सहसा निनावीच राहतात म्हटल्यावर हिशेब ठेवणाऱ्यांनी दुसऱ्या गोष्टी मोजायला घेतल्या. दिल्लीत २००५ मध्ये सुरू झालेली पीआरएस ही संस्था प्रत्येक खासदाराची हजेरी, चर्चेतला सहभाग, प्रश्न आणि खासगी विधेयकं यांची गणती मांडते. मुंबईत प्रजा फाउंडेशन आमदारांची प्रगतिपुस्तकं काढतं. हे काम मोलाचं आहे. त्यामुळे निवडणुकीच्या तोंडावर वाटल्या जाणाऱ्या गुळगुळीत कार्य अहवालाला प्रथमच एक तटस्थ जोड मिळाली. पण या आकड्यांच्या पोटात काय आहे, तेही पाहायला हवं.

हजेरी म्हणजे सही. दैनिक भत्त्यासाठी ती लागतेच. सही करून गेलेला माणूस आत किती वेळ बसला, हे ती सांगत नाही. मंत्र्यांना सही करावी लागत नाही, म्हणून त्यांचा रकाना कोराच राहतो. प्रश्नांचं म्हणाल तर लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न येतात आणि कुणाचा प्रश्न लागणार हे सोडतीवर ठरतं.

आपल्या विधिमंडळाच्या तारांकित प्रश्नांची यादी एकदा डोळ्यांखालून घालावी. वर आमदारांच्या नावांची ओळ, कधी एक, कधी दहा-बारा. खाली ठरलेला साचा: सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, अमुक घडलं हे खरे आहे काय, असल्यास चौकशी केली आहे काय, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत? समोर उत्तर: 'हे खरे आहे', 'अंशतः खरे आहे' किंवा 'प्रश्न उद्भवत नाही'. त्या दहा-बारा नावांपैकी प्रत्येकाच्या खात्यावर एक प्रश्न जमा होतो. पाठपुरावा नक्की कुणी केला, ते आकडा सांगत नाही. शिवाय प्रश्नांना बाजारभाव येऊ शकतो, हे २००५ च्या डिसेंबरात साऱ्या देशानं पाहिलं. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल अकरा खासदारांची हकालपट्टी झाली आणि त्यात दोघे खानदेशातून निवडून आलेले होते.

समित्यांचं काम तर या तक्त्यात बसतच नाही, आणि खरं राजकारण कित्येकदा तिथेच घडतं. नगरचे खासदार दिलीप गांधी सोळाव्या लोकसभेत दुय्यम विधीविषयक समितीचे सभापती होते. सिगारेट-विडीच्या पाकिटावरची चित्ररूप सूचना मोठी करण्याचा निर्णय १ एप्रिल २०१५ पासून लागू होणार होता. तो तूर्त थांबवावा, असं त्या समितीनं सुचवलं. तंबाखू आणि कर्करोगाचा संबंध दाखवणारा भारतीय अभ्यास नाही, या गांधींच्या विधानावरून देशभर वाद झाला. पाकिटाचा ८५ टक्के भाग व्यापणारी सूचना अखेर १ एप्रिल २०१६ पासून आली. नगरच्या प्रतिनिधीच्या हातून झालेली ही बहुधा सर्वांत दूरवर परिणाम करणारी संसदीय कृती असेल. त्यांच्या हजेरीच्या टक्क्यांत किंवा प्रश्नांच्या संख्येत तिचा मागमूस सापडणार नाही.

म्हणून मी पुन्हा मतावरच येतो. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी महाराष्ट्र विधानसभेत फडणवीस सरकारवरचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानानं मंजूर झाला. विरोधक पोल मागत राहिले. राज्यात सरकार कुणाच्या पाठिंब्यावर उभं आहे, एवढ्या मूलभूत प्रश्नाचं उत्तर आवाजावर सोडलं गेलं. उलट ३० नोव्हेंबर २०१९ रोजी ठाकरे सरकारच्या वेळी शिरगणती झाली. एकेका रांगेतला आमदार उभा राहून आपलं नाव आणि क्रमांक सांगत होता, दूरचित्रवाणीवर लोक ते बघत होते. बाजूनं १६९, तटस्थ चार, आणि भाजपचे सदस्य सभात्याग करून बाहेर. त्या सरकारचं पुढे काय झालं हा भाग निराळा, पण त्या दिवशी कोण कुठे उभा होता याबद्दल वाद घालायला जागा राहिली नाही.

कांदा, ऊस आणि दुधावर जगणाऱ्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला २०२० च्या कृषी कायद्यांवर आपला खासदार काय म्हणाला हे भाषणातून कळेल, मतातून कळणार नाही. राज्यसभेत २० सप्टेंबरला मतविभाजनाची मागणी झाली, तरी विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर झाली. पुढच्या वर्षी २९ नोव्हेंबरला ते कायदे रद्द करणारं विधेयक मंजूर झालं, तेही आवाजी मतदानानं. याउलट २० सप्टेंबर २०२३ रोजी महिला आरक्षणाच्या घटनादुरुस्तीवर ४५४ विरुद्ध दोन अशी मतं पडली आणि त्या दोनांत शेजारच्या छत्रपती संभाजीनगरचे खासदार इम्तियाज जलील होते, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्यांची भूमिका पटो न पटो, त्यांना तिचा जाब देता आला आणि मतदारांना तो मागता आला.

नगरमध्ये खासदाराच्या सभागृहातल्या कामाची चर्चा होत नाही असं नाही. २०२४ च्या प्रचारात संसदेत इंग्रजीतून बोलता येतं की नाही यावरून तेव्हाचे खासदार सुजय विखे आणि त्यांचे प्रतिस्पर्धी नीलेश लंके यांच्यात जुंपली होती. निवडून आल्यावर लंके यांनी जूनमध्ये शपथ इंग्रजीतून घेऊन त्याला उत्तर दिलं. दोन-तीन महिने गावोगावच्या पारावर भाषेबद्दल बोललं गेलं. मागच्या पाच वर्षांत कुठल्या विधेयकावर मत कुठे पडलं, हा प्रश्न त्या पारावर आला नाही, कारण तो विचारायला लागणारा कागदच बहुतेक विधेयकांच्या बाबतीत तयार झालेला नव्हता.

हा कागद तयार करायला नवा कायदा लागत नाही. लोकसभेत कोणताही सदस्य निकालाला हरकत घेऊन मतविभाजन मागू शकतो आणि ते द्यायचं की नाही, हे पीठासीन अधिकाऱ्याच्या हाती असतं. नव्या संसद भवनात इलेक्ट्रॉनिक मतदान पहिल्यांदा झालं ते १७ डिसेंबर २०२४ रोजी, 'एक देश, एक निवडणूक' विधेयक मांडण्याच्या प्रस्तावावर, कारण विरोधकांनी मतविभाजन मागितलं. बाजूनं २६९, विरुद्ध १९८. दोनच दिवसांनी, १९ डिसेंबरला, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात जामखेड तालुक्यातल्या चोंडीचे प्रा. राम शिंदे विधान परिषदेचे सभापती म्हणून बिनविरोध निवडून आले. तिथे यापुढे एखाद्या सदस्यानं पोल मागितला, तर निर्णय त्यांच्या खुर्चीतून व्हायचा आहे.