भाकरीचा जिल्हा आणि गव्हाचा कण

आपल्या जिल्ह्याचा इतिहास सांगताना आपण भुईकोट किल्ला सांगतो, चांदबीबी सांगतो, मलिक अंबर सांगतो. अहमदनगरचे २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, तेही सांगतो. ताटाचा इतिहास मात्र कुणी सांगत नाही. एखाद्या घरात डॉक्टर ‘मुलाला गहू कायमचा बंद’ असे सांगतात, तेव्हा त्या इतिहासाकडे वळावेच लागते.

जामखेड, कर्जत, पाथर्डी, पारनेर हा जिराईत मुलूख. खरिपाला बाजरी, रब्बीला ज्वारी. ज्वारीच्या पिठाला ताण नसतो. म्हणून ते गरम पाण्यात मळायचे आणि भाकरी हाताने थापायची. गव्हाची कणीक ताणली तरी चटकन तुटत नाही. हा ताण देणारे प्रथिन म्हणजे ग्लुटेन. ते गव्हात आणि जवात असते; ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदळात नसते.

या मुलखात पोळी सणाला किंवा पाहुण्याला. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि उत्तरेकडे प्रवरेच्या कालव्यांवर शेतीचे रूप पालटले. पुढे १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांना रेशनवर परदेशी तांबडा मिलो मिळाला. लोकांनी तो नाक मुरडत खाल्ला. हरितक्रांतीचा गहू आला, रेशनवर स्थिरावला आणि पोळी रोजची झाली. भाकरी गरिबाची, पोळी सुखवस्तूची, हे मनात पक्के बसले.

गहू काहींना सोसत नाही, हे उघड व्हायलाही एक दुष्काळच साक्षीला आला. हॉलंडमध्ये हेगचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना १९३० च्या दशकातच पावाविषयी संशय होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे पाव मिळेनासा झाला. देशाचा पश्चिम भाग उपाशी असताना सिलिअ‍ॅक नावाच्या आजाराची मुले सुधारू लागली. पाव परतला तशी पुन्हा खंगली. डिके यांनी १९५० साली प्रबंधात हे मांडले. या आजारात ग्लुटेन पोटात गेले की शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. जुलाब, रक्तक्षय, मुलांची खुंटलेली वाढ ही त्याची लक्षणे. यावर औषध नाही, पथ्य आहे. उत्तर भारतात शंभरात सुमारे एकाला हा आजार आढळतो. संशय आला तर रक्ततपासणी आधी करावी, गहू नंतर सोडावा. आधीच सोडला तर तपासणी चकवते.

पथ्य म्हणजे पोळी सोडली की झाले, असे नाही. गिरणीत गव्हाचे दळण उतरते आणि त्याच जात्यात ज्वारी पडते. पहिले दोन-चार मुठी पीठ मिश्रच निघते. पाकिटातल्या फराळाचे तसेच. चिवड्यात पोहे, शेंगदाणे, डाळवे. गव्हाचे नाव नाही. पण तो ज्या तेलात तळला त्यात आधी शंकरपाळी तळलेली असतात, किंवा त्याच यंत्रावर गव्हाचा पदार्थ भरलेला असतो. हिंगाची पूड तर बहुधा पीठ मिसळूनच बनते, आणि ते पीठ अनेकदा गव्हाचे असते.

किलोला वीस मिलीग्रॅमपर्यंतच ग्लुटेन असेल तर ‘ग्लुटेनमुक्त’ म्हणता येते, ही मर्यादा जगभर मानली जाते आणि भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही तीच घेतली. वीस मिलीग्रॅम ग्लुटेन म्हणजे जेमतेम चिमूटभर गव्हाचे पीठ! प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार घटकांत गहू असेल तर पाकिटावर तसे स्पष्ट लिहावे लागते. नकळत मिसळण्याची शक्यताही ‘असू शकते’ अशा शब्दांत नोंदवता येते. एसटी स्टँडवर कागदात बांधून मिळणाऱ्या सुट्या फरसाणावर मात्र काय छापणार? तिथे विचारावेच लागते.

ही काळजी आपल्याला परकी नाही. उपवासाची भगर, राजगिरा दळायचा असला की बाया गिरणीवाल्याला जाते झाडून घ्यायला लावत, किंवा घरच्या जात्यावरच दळत. धान्याचा कण उपवासात जाऊ नये म्हणून. जी शिस्त श्रद्धेने पाळली, तीच एका मुलाच्या आतड्यासाठी पाळायची आहे. त्याचे जाते, तवा, डबा, तळणीचे तेल वेगळे ठेवायचे.

खरी कसोटी सणाला लागते. आमच्या घरी ईदला शीरखुर्मा होतो आणि त्यातल्या शेवया गव्हाच्या. शेजारी दिवाळीला शंकरपाळी, करंज्या. सगळी मुले खात असताना एकानेच हात आवरायचा, ही शिक्षा औषधापेक्षा कडू. तांदळाच्या शेवयांचा शीरखुर्मा तितकाच गोड होतो आणि अनारसा मुळातच तांदळाचा. त्या मुलासाठी निराळी वाटी मांडण्यापेक्षा त्या दिवशी सगळ्यांनीच त्याच्या पातेल्यातले खावे. आणि रोजच्या जेवणाचे म्हणाल, तर ज्या भाकरीला आपण गरिबीची खूण मानले, तीच या मुलाचे ताट भरते आहे. फक्त तिचे पीठ निराळ्या जात्यावरचे हवे.