घरातल्या हवेची गाळणी: यंत्रासाठी की माणसासाठी?

१९३०च्या दशकात अमेरिकेतील घरांच्या तळघरांत एक बदल रुजत होता. भट्टीची ऊब आपसूक वर चढण्याऐवजी विजेचा पंखा ती खोल्याखोल्यांत ढकलू लागला. पंख्याच्या वाटेवर काचतंतूंची, वापरून फेकून देण्याची गाळणी बसली. ती केस नि जाड धूळ अडवून यंत्र सांभाळी; फुप्फुसांत खोल शिरणारे सूक्ष्म कण मात्र तिच्यातून सहज निसटत.

फुप्फुसांचा विचार त्याआधीच लंडनमध्ये झाला होता. जानेवारी १८७० मध्ये जॉन टिंडल यांनी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये धूळ आणि रोग या विषयावर व्याख्यान दिले. प्रखर प्रकाशझोतात स्वच्छ भासणारी हवा कणांनी गजबजलेली दिसे. कापसातून गाळलेली हवा झोतात येताच तेथे काळोख पसरे.

दुसऱ्या महायुद्धात अर्विंग लँगम्यूर यांनी या कोड्याचे गणित मांडले. फिल्टर म्हणजे चहाची गाळणी नव्हे. मोठे कण वेगाच्या भरात तंतूंवर आदळतात, अतिसूक्ष्म कण भरकटत जाऊन चिकटतात. निसटतात ते मधले, सुमारे ०.३ मायक्रॉनचे. आजच्या ‘हेपा’ फिल्टरची ९९.९७ टक्क्यांची कसोटी याच आकारावर लावली जाते. त्याचा पूर्वज मॅनहॅटन प्रकल्पात वापरला गेला. त्याच्या कागदात ॲस्बेस्टॉस होते. श्वास वाचवण्यासाठी ॲस्बेस्टॉस!

मग घरोघरी हेपाच का नको? कारण दाट फिल्टर हवेलाही अडवतो आणि घरगुती पंख्याचा जोर बेताचा असतो. निवड सोपी व्हावी म्हणून १९९९ मध्ये ‘ॲश्रे’ या अमेरिकी अभियंता-संस्थेच्या मानकात १ ते १६ अशी ‘मर्व्ह’ श्रेणी आली. वरची श्रेणी घ्यावी, पण यंत्राला पेलेल तेवढीच. बदलण्याचे कारणही हेच. साचलेली धूळ कण अडवायला थोडी मदतच करते. पण प्रवाह मंदावला की थंडाव्याच्या नळ्यांवर बर्फ धरतो आणि भट्टी अतितप्त होते.

२०२० च्या महासाथीत रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेंथल यांच्या कल्पनेतून एक खोका आकाराला आला: मर्व्ह १३ चे चार-पाच फिल्टर, वर साधा पंखा, सांध्यांना चिकटपट्टी. पृष्ठभाग चौपट-पाचपट झाल्याने हवेचा अडथळा घटला आणि साध्या पंख्यालाही ते काम झेपले. तो अनेक शाळांच्या वर्गांत पोहोचला. काही ठिकाणी मुलांनीच तो जोडला.