हनफी धर्मशास्त्र आणि आकस्मिक प्रसंगीचा प्रथमोपचार : बिलोली परिसराच्या संदर्भात

नांदेड जिल्ह्यातील बिलोली हे तेलंगणाच्या सीमेलगतचे गाव. मराठी, तेलुगू आणि दखनी उर्दू या तीनही भाषा या परिसरात नांदतात. सरफराजखानाच्या नावाने ओळखली जाणारी मोगलकालीन दगडी मशीद ही गावाची ऐतिहासिक खूण होय. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या अमलाखाली होता. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. कोकणातील मुसलमान प्रायः शाफई पंथाचे, तर मराठवाड्यातील बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी पंथाचे आहेत. रस्त्यात एखादा माणूस अकस्मात कोसळला असता, वैद्य येईपर्यंत, जवळ उभ्या असलेल्या सामान्य माणसाचे कर्तव्य कोणते, या प्रश्नाचा या समाजाच्या दृष्टीने विचार करताना म्हणूनच हनफी परंपरेकडे प्रथम वळावे लागते. धार्मिक संकोचामुळे माणसे अशा वेळी मागे सरतात, असा एक समज आढळतो. तो कितपत साधार आहे, हे तपासण्याजोगे आहे.

हनफी निर्णयांचा हिंदुस्थानातील सर्वांत प्रसिद्ध संग्रह म्हणजे ‘फतावा-इ-आलमगिरी’. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात औरंगजेबाच्या आज्ञेने तो सिद्ध झाला आणि ते काम करणाऱ्या विद्वन्मंडळाचे प्रमुख शेख निजाम हे बुऱ्हाणपूरचे होते. या ग्रंथात नमाजाच्या प्रकरणात एक मार्मिक निर्णय आहे. एखादा परका मनुष्य छपरावरून पडण्याच्या, आगीत होरपळण्याच्या किंवा पाण्यात बुडण्याच्या बेतात असून त्याने साहाय्यार्थ हाक मारली, तर नमाज पढणाऱ्याने नमाज मध्येच सोडणे त्याच्यावर बंधनकारक ठरते. येथे ‘परका’ हा शब्द महत्त्वाचा आहे. नाते, ओळख किंवा उपकार यांची अट घातलेली नाही. यामागील तर्कही उघड आहे. सोडलेली नमाज पुन्हा अदा करता येते. गेलेला प्राण परत आणता येत नाही. एका जिवाचे रक्षण हे सर्व मानवजातीच्या रक्षणासमान मानणारा कुराणाच्या पाचव्या सूऱ्यातील विचार या निर्णयाशी सुसंगत आहे.

असे कर्तव्य शास्त्रकारांनी ‘फर्ज-ए-किफाया’ या वर्गात घातले. काहींनी ते पार पाडले तर इतर मोकळे होतात. कोणीच न केले तर समर्थ असलेले सर्व दोषी ठरतात. आणि समर्थ माणूस एकटाच असेल तर ते त्याचे वैयक्तिक कर्तव्य बनते. या कल्पनेत बळ आहे तसा धोकाही आहे. ‘दुसरा कोणी करीलच’ ही समजूत घोळक्यातील प्रत्येकाला निष्क्रिय करू शकते. १९६८ मध्ये डार्ली आणि लाताने या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांद्वारे हेच दाखविले की, बघ्यांची संख्या वाढली की एकेकट्याची साहाय्याची प्रवृत्ती घटते. सर्वांना दोषी ठरविणारा शास्त्राचा अर्धा भाग विस्मरणात गेला, तर उरलेला अर्धा भाग पळवाट होतो.

दुसरा प्रश्न स्त्री-पुरुष स्पर्शाचा. बाराव्या शतकातील मर्गीनानीच्या ‘हिदाया’ ग्रंथात स्त्रीच्या रुग्ण अवयवाकडे वैद्याने पाहणे निकडीमुळे अनुज्ञेय मानले आहे. मात्र शक्य असेल तेथे एखाद्या स्त्रीलाच तो उपचार शिकवावा, असेही सुचविले आहे. निकडीने मिळालेली सवलत निकडीपुरतीच राहते, हे त्यामागील सूत्र. म्हणजे पडदा हा उपचाराला अडसर नव्हे; उलट स्त्रियांना उपचार शिकविण्याचा आग्रह त्याच परंपरेतून निघतो.

तर मग माणसे मागे का सरतात? याचे एक उत्तर दायित्वाच्या भीतीत सापडते. वैद्यक न जाणता उपचार करणारा हानीस जबाबदार राहतो, असे एक हदीस सांगते. तिचा रोख भोंदू वैद्यावर असला तरी अज्ञ माणसाला ती संभ्रमात टाकू शकते. दुसरे कारण धर्माबाहेरचे : पोलीस, पंचनामा आणि न्यायालयाच्या खेपा यांची धास्ती. वस्तुतः सद्भावनेने, संमती मिळणे अशक्य असताना, दुसऱ्याच्या हितासाठी केलेल्या कृतीला १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ९२ व्या कलमाने संरक्षण दिले होते. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जखमीचा प्राण वाचविणे हे डॉक्टरचे प्रथम कर्तव्य ठरविले. २०१६ मध्ये साहाय्यकर्त्यांच्या रक्षणासाठी केंद्राने केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांना त्याच न्यायालयाने बंधनकारक रूप दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. तथापि ते कलम मोटार अपघातापुरते आहे. बाजारात हृदयविकाराने कोसळलेल्या माणसाला हात देणारा त्याच्या शब्दांत बसत नाही.

याहून मोठी उणीव शिक्षणाची आहे. मरणासन्न माणसाच्या मुखात पाणी घालण्याची प्रथा हिंदू व मुसलमान या दोन्ही समाजांत आहे. परंतु बेशुद्ध पडलेला प्रत्येक जण मरणासन्न नसतो. त्याच्या तोंडात ओतलेले पाणी श्वासमार्गात उतरून घातक ठरू शकते. अंत्यविधीची करुणा आणि प्राणरक्षणाची कृती यांतील हा भेद शिकवावाच लागतो. हृदय थांबले तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यावयाचा असतो. ही रीत १९६० मध्ये बॉल्टिमोर येथे मांडली गेली; जुन्या ग्रंथांत ती शोधणे व्यर्थ आहे. ग्रंथांत सापडते ते कर्तव्य, कौशल्य नव्हे.

हे कौशल्य लोकभाषेत देण्याचा पूर्वदाखला या प्रदेशाच्या इतिहासात आहे. १८४६ मध्ये हैदराबादेत स्थापन झालेल्या वैद्यकशाळेत पाश्चात्त्य वैद्यक उर्दूतून शिकविले जात असे. सामान्य माणसाने शुश्रूषा शिकल्याचा दाखलाही दूरचा नाही. बाल्कन युद्धातील तुर्की जखमींसाठी १९१२ च्या अखेरीस डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांचे वैद्यकीय पथक मुंबईहून निघाले, तेव्हा डॉक्टरांबरोबर अलीगढचे काही विद्यार्थी शुश्रूषक म्हणून गेले होते.

सारांश, हनफी परंपरेने परक्याच्या प्राणासाठी नमाजालाही थांबविले आहे. संकोचाचे मूळ तिच्यात शोधण्याऐवजी भय आणि अज्ञान यांत शोधणे अधिक युक्त ठरते. प्राण कंठाशी आलेल्या माणसापाशी अवघी काही मिनिटे असतात. जवळ उभा असलेल्याला आपले कर्तव्य आणि त्याची रीत ही दोन्ही त्यापूर्वीच ठाऊक असावी लागतात.