जाईबाई चौधरी : हमालीपासून शाळेपर्यंत

माझी आई विड्या वळायची. दिवसभर वळलेल्या विड्या ती संध्याकाळी ठेकेदाराकडे घेऊन जाई. त्यातल्या किती त्याने बाद केल्या आणि वहीत किती मांडल्या, हे तिला कधीच कळले नाही. तिला वाचता येत नव्हते. तिच्या घरातली मी पहिली पदवीधर. आज मी महाविद्यालयात इतिहास शिकवते. त्यामुळे शिक्षणावर लिहू लागले की ती वही आधी डोळ्यांसमोर येते.

एकदा मी वर्गात विचारले : अस्पृश्य समाजात जन्मलेल्या आणि स्वतः मुलींची शाळा काढलेल्या एका बाईचे नाव सांगा. मुलांनी सावित्रीबाई फुल्यांचे नाव घेतले. सावित्रीबाई आपल्या सर्वांच्या आद्य शिक्षिका आहेत, यात वाद नाही. पण त्या माळी समाजातल्या होत्या. मी जाईबाई चौधरींचे नाव फळ्यावर लिहिले. ते कोणीही ऐकलेले नव्हते. आणि हा वर्ग विदर्भातला होता.

जाईबाईंचा जन्म १८९२ साली नागपूरजवळच्या उमरेडला एका महार कुटुंबात झाला. १८९६ च्या दुष्काळात कुटुंब नागपूरला आले. त्या काळी खेड्यातून उठलेली अशी किती कुटुंबे नागपूरच्या आसऱ्याला आली असतील! १९०१ साली, वयाच्या नवव्या वर्षी, जाईबाईंचे लग्न झाले. सासरीही दारिद्र्यच होते. नागपूर-कामठी भागात त्या हमाली करू लागल्या. या कामात ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंची आणि त्यांची गाठ पडली. त्यांनी जाईबाईंना लिहायला-वाचायला शिकविले आणि मिशनच्या शाळेत शिक्षिकेचे काम दिले. पगार महिना ४ रुपये.

कथा येथे संपली असती तर ती एका परोपकारी बाईची कथा झाली असती. पण शिकविणारी बाई अस्पृश्य आहे हे उघड झाले आणि सवर्ण पालकांनी गदारोळ केला. जाईबाईंची नोकरी गेली. ही घटना नीट समजून घेतली पाहिजे. जाईबाईंना अक्षर येत नाही असे कोणीही म्हटले नव्हते. आक्षेप अक्षरावर नव्हताच, ते उमटविणाऱ्या हातावर होता. या हाताने ओझे वाहिलेले समाजाला चालत होते. त्याने खडू धरलेला चालत नव्हता. ज्ञानाची मक्तेदारी म्हणतात ती हीच.

पुढे १९२२ साली जाईबाईंनी नागपूरच्या नव्या वसाहतीत संत चोखामेळा कन्या शाळा सुरू केली. जिला दुसऱ्यांच्या मुलांना शिकवू दिले नाही, तिने आपल्या मुलींना शिकवायला घेतले. अर्थात नागपुरात हे रान अगदीच कोरे नव्हते. १९०७ सालीच किसन फागू बनसोडे यांनी चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली होती. मोठी लाट उसळण्याआधी वस्त्यावस्त्यांतून ही जमीन नांगरली जात होती.

चोखामेळा या नावाबद्दल आपल्यातल्या तरुणांना आज अवघड वाटते. देवळाच्या पायरीशी उभे राहणारे नाव शाळेला कशाला, असे एका विद्यार्थ्याने मला विचारलेही. प्रश्न रास्त आहे. १९५६ च्या धर्मांतराने आपल्याला नवी दृष्टी दिली आणि या दृष्टीनेच तो विचारला जातो. पण १९२२ साली सर्वांना ओळखीचे असलेले आपले म्हणावे असे नाव तेच होते. ज्या नावाखाली आईबाप मुलीला घराबाहेर पाठवतील, ते नाव त्या काळच्या माणसांनी घेतले. त्या नावाखाली मुली पाटीवर काय गिरवू लागल्या, हेही पाहायला हवे.

जाईबाई शाळेपुरत्या थांबल्या नाहीत. डिसेंबर १९३७ मध्ये नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले. स्त्रियांच्या उद्धाराची भाषा करणाऱ्या या परिषदेत जेवणाच्या वेळी जाईबाईंना वेगळे बसविण्यात आले. व्यासपीठावर भगिनी आणि पंगतीत अस्पृश्य! हा अपमान गिळून गप्प बसणे सोपे होते. परंतु १ जानेवारी १९३८ रोजी अस्पृश्य स्त्रियांनी सभा घेऊन त्याचा जाहीर निषेध केला. चार वर्षांनी, २० जुलै १९४२ रोजी, याच नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद झाली. बाबासाहेबांसमोर वीस-पंचवीस हजार स्त्रिया बसल्या होत्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार स्त्रियांना रजा, असे ठराव तेथे झाले. इतका समुदाय एका रात्रीत उभा राहत नाही. त्यामागे वस्तीतल्या कितीतरी बिननावाच्या बायांची वर्षानुवर्षांची पायपीट असते.

ही नावे आपल्यापर्यंत आली, याचे श्रेय मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांना आहे. वस्त्यांतून फिरून, म्हाताऱ्या कार्यकर्त्या बायांना बोलते करून त्यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक दिले. आपल्याला पुतळ्यांचा इतिहास पाठ आहे. पायपिटीचा इतिहास मात्र आपणही नोंदवून ठेवला नाही. हा दोष केवळ प्रस्थापितांच्या माथी मारून आपल्याला सुटता येणार नाही.

आणि मला स्वतःला तरी कुठे सुटता येते? महिना ४ रुपयांची नोकरी गेल्यावर जाईबाई आपल्या समाजातल्या मुलींकडे वळल्या. मला जाईबाईंना स्वप्नातही दिसला नसेल असा पगार मिळाला आणि मी वस्ती सोडली. स्वच्छ कॉलनीत दोन खोल्या घेतल्या. आई मात्र शेवटपर्यंत तेथेच राहिली. शिकलेल्यांनी परत फिरायचे असते, हे मी व्याख्यानांतून सांगत होते. स्वतः फिरले नव्हते.

आता मी रविवारी जाते. समाजमंदिरात दहा-बारा मुली येतात. दोघी-तिघींच्या आया अजून विड्या वळतात. पहिल्या दिवशी मी मुलींना धडा दिला नाही. घरच्या हिशेबाची वही आणायला सांगितली. आम्ही ती मिळून वाचली.

वर्गातल्या मुलांनाही मी एक काम दिले आहे : आपापल्या वस्तीत मुलींना पहिल्यांदा कोणी शिकविले, ते नाव विचारून लिहून आणा. आजवर सात नावे आली. त्यातले एकही कोठे छापलेले नाही.