एकशे एक क्रमांकाचा रस्ता

सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तरेकडे जाणाऱ्या १०१ क्रमांकाच्या रस्त्याला 'रेडवुड हायवे' असे नाव आहे. १९१७ च्या ऑगस्टात तीन प्रतिष्ठित गृहस्थ मोटारीने या वाटेस लागले. रस्ता तेव्हा पुरता झालाही नव्हता. हेन्री फेअरफील्ड ऑसबॉर्न हे न्यू यॉर्कच्या निसर्गेतिहास-संग्रहालयाचे अध्यक्ष, जॉन मेरियम हे बर्कलीचे पुराजीवशास्त्रज्ञ आणि तिसरे मॅडिसन ग्रँट, न्यू यॉर्कचे धनिक वकील. जगातील सर्वांत उंच झाडे पाहावीत म्हणून ते निघाले होते. झाडे दिसली, पण ज्या रस्त्याने ते तिथवर आले त्याच रस्त्याच्या कडेने कुऱ्हाडी चाललेल्याही दिसल्या. शतकानुशतके वाढलेल्या वृक्षांचे द्राक्षमळ्यांसाठी खुंट आणि रेल्वेसाठी स्लीपर होत होते. पुढच्याच वर्षी, १९१८ साली, तिघांनी मिळून 'सेव्ह द रेडवुड्स लीग' ही संस्था काढली.

त्याच रस्त्याने मीही गेलो, शंभराहून अधिक वर्षांनी. माझा भाचा त्या मुलखात नोकरीस असतो. शाळेला सुटी लागली आणि त्याने मला बोलावून घेतले. गाडीत तंबू, स्टोव्ह, पोह्यांची पिशवी आणि टपावर त्याची ती फळी, असा आमचा सरंजाम होता. त्याला पतंगाचा नाद आहे. नाद म्हणजे आपला संक्रांतीचा नव्हे. कमरेला पट्टा बांधायचा, पायाखाली फळी घ्यायची आणि मोठ्या पतंगाच्या ओढीने समुद्रावरून धावायचे. पाण्यात पडला तरी पुन्हा उठावा असा हवा भरलेला पतंग ब्रिटनीच्या लगेन्यू बंधूंनी काढला व १९८४ साली त्याचे पेटंट मागितले. काईटसर्फिंग त्यातूनच फोफावले. गोल्डन गेट पुलाजवळ क्रिसी फील्ड म्हणून लष्कराचा जुना विमानतळ आहे. तेथे दुपारी ही मंडळी वाऱ्याची वाट पाहत बसतात. मीही काठावर बसलो.

"मामा, हा वारा आहे ना, त्याच्यामागं धुकं येतं, आणि तेच धुकं वर ती झाडं पितात," भाचा म्हणाला. मुलाने एका वाक्यात भूगोलाचा तास घेतला. उन्हाळ्यात आतले खोरे तापते, तिथली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्राची गार हवा खिंडीतून आत घुसते. किनाऱ्याचे पाणी थंड, म्हणून त्यावर धुके धरते. त्या दिवसांत पाऊस जवळजवळ नसतोच. रेडवुडला वर्षभरात लागणाऱ्या पाण्याचा सुमारे तिसरा हिस्सा या धुक्यातून मिळतो.

दुसऱ्या दिवशी हंबोल्ट परगण्यातील रानात तंबू ठोकला. अस्वलांच्या भयाने खाण्याचे सारे जिन्नस लोखंडी पेटीत ठेवावे लागतात. झाडांचे वर्णन मी करीत नाही. मान मागे टाकली तरी शेंडा दिसत नाही, एवढे पुरे. सर्वांत उंच झाड ३८० फुटांचे असून ते २००६ साली सापडले. पाहायला येणाऱ्यांनी त्याच्या मुळांवरची माती इतकी तुडवली की २०२२ साली तिकडे जाण्यास बंदी करावी लागली. मूळ २० लाख एकर रानापैकी जुने रान आज शेकडा पाच उरले आहे. जवळची बुल क्रीक व डायरव्हिलची झाडी १९३१ साली लाकूड-कंपनीकडून विकत घेऊन राखली. त्यासाठी धाकट्या रॉकफेलरने २० लाख डॉलर दिले. लीगचे हे ऋण कोणीही मान्य करावे.

परंतु ग्रँटसाहेबांची दुसरीही एक ओळख आहे. सहलीच्या आदल्याच वर्षी त्यांचे 'द पासिंग ऑफ द ग्रेट रेस' हे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. उत्तर युरोपातला गोरा वंश तेवढा श्रेष्ठ, परक्या रक्ताच्या भेसळीने तो बुडत चालला आहे, सबब इतरांना देशात घेऊ नये, असा त्याचा आशय. १९२५ साली त्याचे जर्मन भाषांतर निघाले. १९२४ च्या अमेरिकन निर्वासन-निर्बंधाच्या कायद्यामागे ग्रँटची खटपट होती. एकाच माणसाला वृक्षांचा लळा आणि माणसांचा तिटकारा कसा, असे नवल पुष्कळांना वाटते. मला वाटत नाही. जे जुने, जे उंच, जे शुद्ध, ते राखावे आणि बाकीचे बांधाबाहेर काढावे, ही एकच दृष्टी त्याने रानालाही लावली आणि माणसालाही.

हिंदुस्थानी माणसाला तर १९१७ च्या फेब्रुवारीतील कायद्यानेच अमेरिकेचे दार बंद झाले होते. आणि आपली माणसे या किनाऱ्यावर करीत काय होती? लाकूडच कापीत होती. याच रस्त्याच्या ओरेगॉनमधील टोकाला अस्टोरिया गाव आहे. तेथल्या लाकूड-कारखान्यात पंजाबी मजूर राबत. १९१३ साली त्या गावात भरलेल्या सभेतून गदर पक्ष उभा राहिला. आमच्या पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे अमेरिकेत शिकत असताना याच पक्षात शिरले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात फासावर गेले. वर्गात मुलांना त्यांचे नाव मी सांगत असे. त्यांच्या पक्षाला लाकडाच्या भुशाचा वास आहे हे मला या प्रवासात उमगले.

मात्र या रानाचे धनी आपणही नव्हे आणि ग्रँटही नव्हे. युरेका गावासमोरच्या खाडीत एक लहानसे बेट आहे, तुलुवात. विऑट लोक तेथे जगाच्या नवीकरणाचा उत्सव करीत. २६ फेब्रुवारी १८६० च्या पहाटे गोऱ्या वसाहतवाल्यांनी होड्यांतून येऊन झोपलेली बायकामुले व म्हातारी माणसे कापून काढली. शेजारच्या गावातील एका वृत्तपत्रात ब्रेट हार्ट नावाचा तरुण काम करीत असे. त्याने याचा कडक निषेध छापला, आणि गाव सोडून जाण्याची पाळी आली ती त्याच्यावरच! मारेकऱ्यांपैकी कोणालाही शिक्षा झाली नाही. युरेका नगरपालिकेने ते बेट २०१९ साली विऑट लोकांना परत दिले. बेटासमोर उभे असताना भाचा आणि मी, दोघेही बोललो नाही.

तेथून पुढे ओरिकजवळचा प्रदेश युरोक लोकांचा. ते रेडवुडच्या फळ्यांची घरे बांधीत आणि त्याच लाकडाची होडी कोरीत. होडीच्या पोटात हृदय कोरून ठेवण्याची त्यांची रीत आहे, कारण होडीला ते सजीव मानतात. जवळच प्रेअरी क्रीकच्या उद्यानात मॅडिसन ग्रँटच्या नावाचे स्मारक होते, ते २०२१ साली सरकारने काढून टाकले. संस्थापकांचे ते विचार आता लीगनेही जाहीरपणे झिडकारले आहेत. 'ओ रेव' नावाची १२५ एकर जागा, जिच्यावर पूर्वी लाकडाची मोठी गिरणी होती, लीगने २०१३ साली विकत घेतली आणि २०२४ मध्ये ती युरोकांना परत देण्याचा करार केला. गिरणीचे डांबर उखडून युरोकांनी आपल्या माणसांकरवी ओढ्याला नवी वाट करून दिली आहे. कोहो जातीच्या सामन माशांची पिल्ले त्या पाण्यात पुन्हा दिसू लागली आहेत.