मलकापूरचीं जुनीं घरें आणि बांधकामाचे टप्पे

इतिहास म्हटला कीं लढाया, तह आणि राजांच्या वंशावळी आपल्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. मलकापुरासहि तसा इतिहास आहे. खानदेशच्या फारुकी घराण्यांतील एका राजपुत्रानें नळगंगेच्या कांठीं हें गांव वसविलें आणि आपल्या कन्येवरून त्यास हें नांव दिलें, अशी परंपरा आहे. गांवाभोंवतीं घडीव दगडांचा तट, ५ वेशी आणि २८ बुरूज होते. एका वेशीवर ती १७२९ सालीं बांधल्याचा लेख होता. १७६१ सालीं राघोबादादांच्या फौजेची लूट टाळण्याकरितां गांवानें ६०,००० रुपये भरल्याची नोंद जुन्या गॅझेटियरांत आहे. पण त्या तटाच्या आंत साधीं माणसें आपलीं घरें कोणत्या क्रमानें बांधीत, याची बखर कोणी लिहिली नाहीं. आज त्या क्रमाविषयींच चार शब्द सांगावयाचे आहेत. कारण साहित्य बदललें तरी तो क्रम बदललेला नाहीं.

पहिला टप्पा जागेचा आणि पायाचा. वऱ्हाडांत पेरणीची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, असा भेद फार जुना आहे. काळी माती पाण्यानें फुगते आणि उन्हानें आकसते. वैशाखांत तिला पडणाऱ्या भेगा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. अशा मातीवर टेकलेली भिंत दर वर्षीं वरखालीं होते. म्हणून घरें पांढरीवर बांधीत, आणि पाया मुरूम लागेपर्यंत खणीत. पुढें गांवें वाढलीं आणि पांढरी ओलांडून काळींत उतरलीं. शेतांचे भूखंड झाले. नव्या घरांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा जातात, त्यांचें एक मोठें कारण हेंच आहे. रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेनें अशा जमिनीसाठीं तळाशीं फुगीर असे काँक्रीटचे खांब जमिनींत उतरविण्याची रीत प्रचारांत आणली. काळ्या मातीचा थर खोल असल्यास ते निदान साडेतीन मीटर खालीं नेतात, कारण तेथें मातीची हालचाल जवळजवळ थांबते. भाषा शास्त्राची, पण बोध आजोबांचाच : घर मातीच्या चंचल थराखालीं टेकलें पाहिजे.

दुसरा टप्पा जोत्याचा. जोत्यांत मुरूम भरावयाचा, पाणी शिंपडावयाचें आणि धुमसानें चोपावयाचें. जाणते गवंडी भरलेल्या जोत्यास एक पावसाळा दाखवीत. जें खचावयाचें तें भिंत चढण्यापूर्वींच खचलेलें बरें, हा त्यांतील हिशेब. मग दाराची चौकट उभी राही आणि उंबरठ्याची पूजा होई.

तिसरा टप्पा भिंतींचा. खालचा भाग दगडाचा वा भाजक्या विटांचा, वरचा बहुधा कच्च्या विटांचा. मातीची भिंत एका दिवसांत फार चढवीत नसत. खालचा थर वाळल्यावरच वरचा. चुना आधीं विरवून ठेवीत आणि मग वाळूसह बैलाच्या घाणींत मळीत. प्राचीन रोमांत तीन वर्षांहून कमी मुरलेला चुना वापरण्यास जुन्या नियमांनीं मनाई होती, असें प्लिनी लिहितो. घाईनें केलेलें काम टिकत नाहीं, हें शहाणपण एकट्या वऱ्हाडाचें नव्हे.

चौथा टप्पा छपराचा. सागवानी खांबांवर तुळया, त्यांवर कड्या, त्यांवर किलचा व पाला, आणि त्यावर मातीचा जाड थर, असें धाबें होई. सर्वांत वर खारी माती अंथरीत. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारेपणा विहिरींना शाप ठरला, पण छपरास तो वर होता. अशा मातीचे बारीक कण पाण्यानें सुटे होऊन फटी बुजवितात आणि पाणी खालीं झिरपूं देत नाहींत. तरीहि या रीतींत एक मोठा दोष होता. दर वर्षीं नवी माती पडे, जुनी कोणी काढीत नसे, आणि छपराचें ओझें वाढत जाई. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीच्या भूकंपांत सात हजारांहून अधिक माणसें मेलीं. मातींत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरील जड माळवदें हें त्या संहाराचें मुख्य कारण ठरलें. जुन्याचा अभिमान धरावा, पण डोळे मिटून नव्हे.

१८६७ सालीं भुसावळहून मलकापूरवरून नागपुरापर्यंत आगगाडी पोंचली आणि घरांचें रूप पालटूं लागलें. १८६५ सालीं बासेल मिशननें मंगळूरास कौलांचा कारखाना काढला होता. तशीं कौलें, पन्हळी पत्रे व लोखंडी तुळया गाडीनें दूरवर जाऊं लागल्या. १९१४ सालीं पोरबंदरास सिमेंटचें उत्पादन सुरू झालें. सिमेंट कांहीं तासांतच घट्ट होतें. त्यामुळें घाई करण्यास हरकत नाहीं, असा भ्रम पसरला. वस्तुतः काँक्रीटची ताकद २८ दिवसांच्या वयावर मोजतात, आणि पहिला निदान आठवडाभर त्यास ओलें ठेवावें लागतें. तेंहि गोड्या पाण्यानें; खारें पाणी आंतील लोखंडास गंज आणतें.

दुरुस्तीचा क्रम मात्र उलटा असतो. तेथें आधीं छपराची गळती थांबवावी, मग भिंतींची ओल, आणि गिलावा व रंग सर्वांत शेवटीं. मातीच्या जुन्या भिंतींवर काँक्रीटचें छत टाकण्याचा मोह तर कटाक्षानें टाळावा; त्या भिंती त्या ओझ्यासाठीं बांधलेल्या नसतात.

पायाभरणी, चौकटीची पूजा, छपराची पहिली तुळई चढविणें आणि वास्तुशांति हे संस्कार केवळ धार्मिक नव्हते. त्या दिवशीं काम थांबे, घरधनी सर्व फिरून पाही, वडील माणसें शंका विचारीत, आणि गवंडी-सुतारांस नारळ-पागोटें व झाल्या कामाचा पैसा मिळे. सरकारी घरकुल योजनेंतहि पैसा एकदम न देतां टप्प्याटप्प्यानें देतात, यामागें तेंच तत्त्व आहे. सामान्य कुटुंब आयुष्यांत एकदांच घर बांधतें आणि जन्माची पुंजी त्यांत ओततें. पाया एकदां बुजला कीं त्यांतील चूक दिसत नाहीं. ती दिसते तेव्हां वर संसार मांडलेला असतो. म्हणून प्रत्येक टप्प्यावर थांबावें, पाहावें, विचारावें आणि मगच पुढचा दगड ठेवावा.