तिसरं कडवं गिटारचं

तबकडी प्लेअरवर ठेवा आणि सुई हलकेच टेकवा. ग्लेन कॅम्पबेलच्या निवडक गाण्यांचे संग्रह बरेच निघाले. कॅपिटॉल कंपनीनं १९७१ मध्ये एक काढला, पुढे आणखी निघत गेले. क्रम बदलतो, मुखपृष्ठावरचा चेहरा वयस्क होत जातो, पण पाच-सहा गाणी प्रत्येकात असतातच. तुम्ही हातात घेतलाय तो पुष्कळ नंतरचा आहे, म्हणजे वाट लांबची आहे. सुरुवातीची खरखर ऐका. ती संपायच्या आत तुमच्या पायांखाली माती आलेली असेल.

साल १९४०. अमेरिकेच्या दक्षिणेतलं आर्कान्सॉ राज्य, डिलाइट नावाच्या गावाजवळची बिल्सटाउन ही वस्ती. समोर कापसाचं शेत आहे. विदर्भात ज्यांनी वेचणी केली आहे त्यांना इथं काही समजावून सांगायला नको. बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी बोटं तशीच ओरखडतात, पाठ तशीच धरते. शंभर पौंड कापूस वेचला की सव्वा डॉलर मिळतो. कॅम्पबेल कुटुंब दुसऱ्याची जमीन वाट्यानं कसतं. घरात बारा मुलं आणि वीज नाही. सातवा मुलगा चार वर्षांचा आहे. वडिलांनी सीअर्स कंपनीकडून पाच डॉलरची गिटार मागवली आहे आणि बू काका त्याला बोटं कुठं ठेवायची ते दाखवतोय. तुम्ही ओसरीच्या कडेला बसा आणि त्या बोटांकडे बघत राहा. पुढचा सगळा प्रवास त्यांचाच आहे.

नोटेशन त्याला कुणी शिकवत नाही आणि पुढेही तो शिकत नाही. रेडिओवर जे येतं ते कानानं उचलायचं आणि तारांवर शोधायचं. जँगो राइनहार्ट हा युरोपातला जिप्सी गिटारवादक त्याचं दैवत होतो. सतराव्या वर्षी तो अल्बुकर्कीला जातो आणि नात्यातल्याच डिक बिल्स यांच्या बँडमध्ये वाजवू लागतो. नाचघरं, बार, रात्र-रात्रीचे कार्यक्रम. ही वर्षं आपण भरभर ओलांडू. १९६० मध्ये तो लॉस एंजेलिसला पोचतो, तिथं मात्र थांबावं लागेल.

स्टुडिओचं जड दार ढकलून आत या. आवाज न करता भिंतीला टेकून उभे राहा. खुर्च्यांवर बसलेल्या या वादकांची नावं रेकॉर्डच्या वेष्टनावर नसतात. पुढे त्यांना ‘रेकिंग क्रू’ हे नाव पडलं. ड्रमवर हॅल ब्लेन, बेस गिटारवर कॅरल के. सकाळी एका गायकासाठी, दुपारी दुसऱ्या बँडसाठी, रात्री एखाद्या जाहिरातीसाठी, अशी ही मंडळी वाजवतात. त्यांच्यात कोपऱ्यात हा आर्कान्सॉचा पोरगा बसलाय. बाकीच्यांपुढे कागद आहेत. हा एकदा ऐकतो आणि वाजवतो. १९६३ या एकाच वर्षात आपण ५८६ ध्वनिमुद्रणं केली, असा त्याचा स्वतःचा हिशेब होता. फ्रँक सिनात्राच्या ‘स्ट्रेंजर्स इन द नाइट’मध्ये गिटार धरणारे हात त्याचे आहेत. बीच बॉइजच्या ‘पेट साउंड्स’मध्येही ते आहेत. १९६४ च्या डिसेंबरात बीच बॉइजचा ब्रायन विल्सन दौऱ्यावर कोलमडला, तेव्हा त्याच्या जागी उभा राहून काही महिने बेस वाजवणारा आणि वरच्या पट्टीत सूर लावणारा माणूसही हाच.

मुंबईच्या फिल्म स्टुडिओंत ज्यांनी कान दिला आहे त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. गोव्याहून आलेल्या व्हायोलिन आणि ट्रम्पेटवाल्यांनी आपली कितीतरी गाणी उभी केली आणि श्रेयनामावलीत त्यांना जागा मिळाली नाही. फरक एवढाच, की ते चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून आले होते आणि ग्लेन कॅम्पबेलला ते वाचताच येत नव्हतं. स्टुडिओत मागे बसणाऱ्यांचं ऋण दोन्हीकडे सारखंच थकलेलं आहे, असं मला मनापासून वाटतं.

आता १९६७. जॉन हार्टफर्डनं लिहिलेलं ‘जेंटल ऑन माय माइंड’. तुम्ही ऐकताय ते खरं तर नमुन्यादाखल केलेलं ध्वनिमुद्रण आहे. गाता गाताच ग्लेन सोबत्यांना सूचना देतोय: इथं थांबा, इथं उचला. निर्माता अल डी लोरी पुढे ते बोलणं काढून टाकतो आणि तेच गाणं बाजारात आणतो. म्हणून त्यात तो सैलपणा आहे. लोक ऐकताहेत याचं भान नसताना गायलेल्या गळ्याचा सैलपणा. गाणं नीट बसवून पुन्हा केलं असतं तर तो गेला असता.

त्याच वर्षी ‘बाय द टाइम आय गेट टू फिनिक्स’ येतं आणि त्याबरोबर ते लिहिणारा जिमी वेब. इथं जरा मागं, १९६१ मध्ये जाऊन या. ओक्लाहोमा राज्यात धर्मोपदेशकाच्या घरातला एक किशोरवयीन मुलगा रेडिओवर ग्लेनचं एक गाणं ऐकतो आणि देवाकडे मागणं मागतो, की या आवाजासाठी मला गाणं लिहू दे. मुलाचं नाव जिमी वेब. काही वर्षांनी प्रत्यक्ष भेट होते तेव्हा ग्लेन या लांब केसांच्या पोराला पहिल्याच वाक्यात केस कधी कापणार ते विचारतो. दोघांचं राजकारण जुळत नव्हतं, पेहराव जुळत नव्हता, वयात दहा वर्षांचं अंतर होतं. गाण्यात मात्र दोघांचं एकमत. फिनिक्सचं गाणं ज्या अल्बममध्ये होतं त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. कंट्री संगीताच्या अल्बमला हा मान त्याआधी कधीच मिळाला नव्हता.

तुम्हाला इथवर आणलं ते पुढच्या गाण्यासाठी.

१९६८. फिनिक्स गाजलंय आणि ग्लेन जिमीला फोन करतो: आणखी एखादं गाणं दे, गावाचं नाव असलेलं. एकवीस वर्षांचा जिमी पियानोजवळ बसतो. त्याला ओक्लाहोमाचा सपाट मुलूख आठवतो, नजर जाईल तिथवर विजेच्या आणि टेलिफोनच्या खांबांची रांग, आणि त्यातल्या एका खांबावर चढलेला एकटा माणूस, कानाला टेलिफोन लावलेला. लाइनमन. या शब्दाला मराठीत वेगळा प्रतिशब्द शोधावा लागत नाही. पावसाळ्यात रात्री-अपरात्री खांबावर चढणारा माणूस गावोगाव याच नावानं ओळखला जातो. गाडी त्याच्या खांबाखालून निघून जाते आणि आपण त्याचा पुन्हा विचार करत नाही. जिमीनं तो केला. या माणसाच्या मनात काय चाललं असेल? तारांतून वाहणाऱ्या आवाजात त्याला कुणाचा आवाज ऐकू येत असेल?

दोन कडवी झाली. तिसरं सुचेना. स्टुडिओतून तगादा लागलेला, म्हणून त्यानं गाणं आहे तसंच पाठवलं आणि ते अपुरं असल्याचं कळवलं. पुढे काहीच निरोप आला नाही तेव्हा त्याला वाटलं, आवडलं नसणार. प्रत्यक्षात ते ध्वनिमुद्रित होऊन बसलं होतं.

त्या ध्वनिमुद्रणाला तुम्ही हजर राहा. सुरुवात कॅरल के करते: बेसवर उतरत येणारे मोजकेच स्वर, जिना उतरल्यासारखे. अल डी लोरीनं वाद्यवृंदाची रचना केलीय; त्याचे स्वतःचे मामा की काका लाइनमनचं काम करायचे, त्यामुळं ही मोकळी माळरानं त्याला ऐकून ठाऊक होती. व्हायोलिनं वरच्या सप्तकात अशी धरून ठेवलीत की तारांची गुणगुण कानात भरते. मग आवाज. ग्लेनचा आवाज तार सप्तकात जातो तेव्हा ताणला जात नाही, पातळ होत नाही, तिथं तो अधिकच मोकळा होतो. शब्द साधे आहेत आणि तो ते साधेच म्हणतो. थकलेला, सुट्टी हवी असलेला, कामावरून हलू न शकणारा माणूस जसं बोलेल तसं. भावना दाखवायची खटपट नाही. या गाण्यावर हुंदका चढवणं किती सोपं होतं! त्यानं तो मोह टाळला, म्हणून ते आजही घशाशी येतं.

दुसरं कडवं संपतं आणि पुढे शब्दच नाहीत. ग्लेन कॅरलची डॅनइलेक्ट्रो उचलतो, सहा तारांची खर्जातली बेस गिटार, आणि कडव्याची चाल तिच्यावर वाजवतो. हरकत नाही, पलटा नाही, वेगाचं प्रदर्शन नाही. कॅलिफोर्नियातल्या सर्वांत तयार हातांपैकी एक हात एक सरळ धून जड आवाजात, सावकाश वाजवतोय. जिमीला न सुचलेलं तिसरं कडवं ते हेच. नंतर जिमीच्या घरचा गुलब्रॅन्सन ऑर्गन उचलून स्टुडिओत आणतात आणि शेवटी विरत जाणाऱ्या भागात त्याची लुकलुक भरतात. दूरवरून संदेश येत राहावा तशी. ‘विचिटा लाइनमन’ कंट्रीच्या यादीत पहिलं आणि पॉपच्या यादीत तिसरं आलं. माझ्या मते या माणसानं याहून चांगलं काही केलं नाही, आणि इतरही फार थोड्यांनी केलं असेल.

पुढच्या वर्षी ‘गॅल्व्हस्टन’. समुद्रकाठचं गाव आठवत लांब कुठंतरी बंदूक पुसणारा सैनिक. व्हिएतनाममध्ये तेव्हा खरंच मुलं मरत होती. टीव्हीवर त्याचा स्वतःचा कार्यक्रम १९६९ ते १९७२ पर्यंत चालतो. १९७५ मध्ये लॅरी वाइसचं ‘राइनस्टोन काउबॉय’ दोन्ही याद्यांत पहिलं येतं, १९७७ मध्ये ॲलन टूसाँचं ‘सदर्न नाइट्स’. टूसाँला त्या गाण्यात लुइझियानातल्या नातेवाइकांकडच्या रात्री दिसत होत्या, ग्लेनला आर्कान्सॉच्या दिसल्या. चकचकीत ध्वनिमुद्रणाखाली त्याची गिटार शोधा. सापडते, पण शोधावी लागते. त्याच वर्षांत दारू आणि कोकेन होतं, मोडलेले संसार होते. संग्रहात यातलं काही उमटत नाही. १९८२ मध्ये किम वूलनशी लग्न झालं आणि ते शेवटपर्यंत टिकलं.

तबकडी संपत आली तरी उठू नका. एक थांबा उरलाय.

२०१२. सभागृह भरलंय. वर्षभरापूर्वी, जून २०११ मध्ये, त्याला अल्झायमर झाल्याचं कुटुंबानं जाहीर केलं आणि मग तो निरोपाच्या दौऱ्यावर निघाला. व्हायचे होते थोडेच कार्यक्रम, झाले १५१. तुम्ही पुढच्या रांगेत आहात. मंचावर त्याच्याबरोबर त्याची तीन मुलं वाजवताहेत. मुलगी ॲशली बँजोवर. पायाशी पडद्यावर गाण्याचे शब्द सरकताहेत. त्याला शब्द हवेत, गाण्यांचा क्रम हवा, कधी आपण कुठं आहोत तेही कुणीतरी सांगायला हवं. एखादं गाणं संपल्यावर तो पुन्हा तेच सुरू करतो. सभागृह श्वास रोखून बसतं.

मग गिटारची जागा येते. तो खाली बघत नाही. बोटं निघतात आणि कुठंही अडखळत नाहीत. ॲशली बँजोवर एक तुकडा टाकते, तो तिला गिटारवर उत्तर देतो, ती वेग वाढवते, तो हसतो आणि तिच्या पुढे जातो. मघाशी हरवलेला माणूस आता सर्वांत सावध आहे. मेंदूचे अभ्यासक सांगतात की या आजारात घटना, नावं, चेहरे यांची आठवण आधी जाते. पोहणं, पेटी वाजवणं अशी हातापायांत मुरलेली विद्या बरीच नंतर जाते. पण समोर बसून हे बघताना तुम्हाला मेंदू आठवत नाही. बू काकानं दाखवलेली जागा आठवते. कागदावरून काही शिकलाच नव्हता, त्यामुळं त्याच्याजवळ होतं ते सगळं कानात आणि बोटांत होतं.

शेवटचा कार्यक्रम ३० नोव्हेंबर २०१२ रोजी कॅलिफोर्नियातल्या नापा इथं झाला. जानेवारी २०१३ मध्ये त्यानं शेवटचं गाणं ध्वनिमुद्रित केलं, ‘आय ॲम नॉट गॉना मिस यू’. माझी आठवण तुम्हाला येईल, मला तुमची येणार नाही, हे घरच्यांना सांगणारं गाणं. साथीला रेकिंग क्रूमधले जुने सोबती बसले होते. ग्लेन ८ ऑगस्ट २०१७ रोजी, ८१ व्या वर्षी, नॅशव्हिलला गेला. त्याला बिल्सटाउनला, कॅम्पबेल घराण्याच्या दफनभूमीत ठेवलंय. तुम्ही जिथून निघालात तिथंच.

आता सुई उचला आणि एकदाच मागं न्या. ‘विचिटा लाइनमन’ पुन्हा लावा आणि दुसरं कडवं संपल्यावर काहीही करू नका, कुणाशी बोलू नका. ती खर्जातली गिटार पूर्ण ऐका.